तीनदा परत आलेली चोळी

आक्का,

काल तुझं तेरावं झालं. पंगत उठत आली तेव्हा दाजी मला म्हणाले, "नामदेवराव, सांगा की एखादी गोष्ट. तिला तुमच्या गोष्टी लई आवडायच्या." सगळे माझ्याकडं बघायला लागले. लग्न असो, बारसं असो, पानं उचलली की नामानं तोंड उघडायचं, हा आपल्या घरातला रिवाजच. मी तोंड उघडलं आणि त्यात बुंदीचा अख्खा लाडू कोंबला. लोकांना वाटलं, शिंपीमास्तरांना गहिवरून आलं. गहिवर कसला, भीती होती. माझ्या डोक्यात तुझी एकच गोष्ट येत होती. ती पुन्हा तोंडातून निसटू नये म्हणून लाडवाचं बूच मारलं.

ती गोष्ट आता फक्त तुलाच सांगतो. तुला ती पाठ आहे. पण मी ती नेहमी चुकीच्या जागी हशा घेऊन संपवत आलो. यावेळी खरी सांगतो.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि तू अकराची. दोन वर्षांनी आबांनी तुझं लग्न लावलं, नदीपलीकडं थेरगावात. लोकांची लेक सासरी जाताना रडते. आपल्याकडं मी रडलो. तू मला कडेवर घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत चाललीस आणि मग वऱ्हाडातल्या कुणीतरी मला उपटून परत आणलं. नवरीच्या कडेवर सात वर्षांचा घोडा, हे दृश्य दाजींच्या घरचे अजून विसरलेले नाहीत. दाजी स्वतः शिंपी खरे, पण सुई हातात धरायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ते कापडाचे गठ्ठे घेऊन बाजार करायचे. त्यामुळं तुझ्या चोळ्या आपल्याच दुकानातून जायच्या. दर भाऊबीजेला एक, आधी आबांच्या हातची, आबा गेल्यावर माझ्या.

माप मात्र तुझं मी कधी घेतलं नाही. कोण घेतं? चोळीचं माप अंगावरून नाही, चोळीवरून घ्यायचं. बाई जुनी चोळी पाठवते, शिंपी ती पसरून नवी बेततो. मधे अंग येतच नाही. तुझं शेवटचं बाळंतपण झाल्यावर आबांच्या हातची एक चोळी तुला इतकी चांगली बसली होती की त्यांनी ती मापाला म्हणून ठेवून घेतली. तीच मी खुंटीला टांगून ठेवली होती. वीस वर्षं त्या मापावर चोळ्या बेतल्या आणि एकही परत आली नाही. मी स्वतःला कोण समजत होतो ते विचारू नकोस.

मग परवाच्या नव्हे, मागल्याही नव्हे, त्याच्या आधीच्या भाऊबीजेची चोळी संक्रांतीला परत आली. दाजींनीच आणून टाकली. "ती म्हणती, डावीकडं झोळ पडतोय. आन् काखंत काचतंय." मी चोळी मापाच्या चोळीवर पसरली, कडेला कड लावली. सुताचा फरक नव्हता. दाजींना म्हणालो, "झोळ आणि काच दोन्ही एकाच बाजूला? तिला विचारा, चोळी सैल आहे की घट्ट ते एकदा नक्की ठरव." आणि ती तशीच परत पाठवली, वर निरोप दिला की माझ्या कातरीत खोट नाही, तुझ्या भाकरीत असेल.

हा निरोप दाजींनी पोचवायला नको होता असं मला आता वाटतं. पण ते बाजार करणारे, निरोपात एक दाणासुद्धा कमी करायचे नाहीत.

दुसऱ्यांदा तू स्वतः आलीस. वैशाखात आमच्या लेकीचं, सुमनचं लग्न होतं, त्याच्या आधी. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झाल्यापासून दुकानात उसंत नव्हती. त्या दिवशीसुद्धा दोन कामगार पॅंटसाठी बाकावर बसलेले. तू पिशवीतून तीच चोळी काढलीस.

"नाम्या, तुला एक सांगायचं हुतं."

"सांग की."

तू बाकाकडं बघितलंस. त्यातल्या एकानं तुला जागा करून दिली, बिचारा सरकून बसला. तू बसली नाहीस.

"काय न्हाई. डावी बाजू बघ जरा. लोकांत जायाचं म्हंजी दिसतं ते."

"काय दिसतं?"

"खालीवर दिसतं, आनखी काय! शिंपी तू हायस का मी?"

बाकावरचे दोघे हसले. मीही हसलो. आणि मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. डाव्या बाजूला आतून कापसाची पातळ गादी घातली आणि वरून अशी टीप मारली की हात फिरवला तरी कळू नये. तुला म्हणालो, "जा आता मिरव. ब्रह्मदेवालासुद्धा पत्ता लागायचा नाही." तू खूश झालीस. माझ्या गालावरून हात फिरवलास, सेहेचाळीस वर्षांच्या गालावरून, दोन गिऱ्हाइकांसमोर.

मी त्या कामावर किती दिवस फुशारलो होतो, आक्का! शिंप्याच्या हातून जन्मात एखाद-दुसरं काम असं होतं. आणि माझ्या हातचं ते काम म्हणजे तुझ्या अंगानं बाहेर दिलेली खूण मी माझ्या हातानं बुजवली, हे होतं. लग्नघरी पन्नास बायका होत्या. त्यात शंभर बाळंतपणं केलेल्या सुईणी होत्या, तुझी सून होती, तुझी भावजय इंदू होती. एकीची तरी नजर गेली असती. मी एकीचीही जाऊ दिली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. पंगतीनंतर मला गोष्ट सांगायला उभं केलं आणि मी ही गोष्ट सांगितली. "आमची आक्का आणि तिची डावी बाजू." तुझा आवाज काढला, तुझ्यासारखी मान वेळावली, दाजींचा निरोप्या केला. मांडव हसून लोळला. तू बायकांत बसली होतीस, तोंडाला पदर लावून हसत होतीस. आता मला तो पदर आठवतो. पदराआड माणूस काय करतं ते बाहेरच्याला दिसत नाही, एवढं मला शिंपी म्हणून तरी कळायला हवं होतं.

पुढं ती गोष्ट मी चार ठिकाणी सांगितली. दर वेळी थोडी वाढवून.

तिसऱ्यांदा चोळी पुढच्या शिमग्यानंतर परत आली. निरोप असा की गादी कमी पडतीय, आणखी घाल. मी आणखी घातली. चोळी उलटी करून टेबलावर ठेवली होती, टीप मारायची बाकी होती, तेवढ्यात कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. कोकणातल्या, बोलायला फटकळ, पोलक्याच्या बाह्यांवरून दर वेळी माझी हजेरी घेणाऱ्या. बाह्या राहिल्या बाजूला, त्यांनी तुझी चोळी उचलली.

"मास्तर, ही कुणाची हो?"

"आमच्या थोरल्या बहिणीची. कारागिरी बघा."

"कारागिरी बघत्येय. आत हे काय भरलंत?"

"गादी. डावी बाजू उतरलीय तिची. वय झालं."

"वयानं उतरलं तर दोन्हीकडचं उतरेल ना हो. एकच कसं उतरेल?"

आक्का, मी वीस वर्षं चोळ्या शिवतोय, आबांनी चाळीस वर्षं शिवल्या. हा प्रश्न आमच्या दुकानात कधी कुणी विचारला नव्हता. मी माप तपासत होतो. माप आणि चोळी जुळत होती. चोळी आणि बाई जुळत नाही म्हटल्यावर बाई चुकली असणार, एवढं सरळ माझं गणित.

"कधीपासून?" नर्सबाईंनी विचारलं.

"मागल्याच्या मागल्या संक्रांतीपासून." हे तोंडातून गेलं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"कुणी हात लावून बघितलंय?"

"मी भाऊ आहे तिचा, बाई."

"भावानं नाय हो! बाईमाणसानं. गाठ लागते का ते."

"तिला दुखत वगैरे काही नाही."

"तेच तर वाईट," त्या म्हणाल्या आणि बाह्यांचं न बोलताच गेल्या.

त्याच दिवशी इंदूला घेऊन नदी ओलांडली. वाटेत तिला कसं सांगितलं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. वीस वर्षांच्या संसारात आम्ही असले शब्द एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. तुम्ही दोघी आत गेलात. बाहेर मी आणि दाजी कांद्याच्या भावावर बोलत बसलो. कांद्यावर माणूस किती वेळ बोलू शकतो याचा अंदाज मला त्या दिवशी आला. इंदू बाहेर आली ती दाजींचा निरोप घेऊन थेट वाटेला लागली. घरी निघाल्यावर नदीच्या अलीकडं येऊन थांबली.

"गाठ हाय. सुपारीहून मोठी. वरची कातडी आत ओढलीय, खळी पडल्यासारखी. काखंतबी लागती एक."

"आणि आक्का काय म्हणाली?"

इंदू पुढं चालायला लागली. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाल्या, मी नाम्याला सांगितलं की. तीनदा सांगितलं."

आक्का, हे तू चिडून म्हणालीस की साधेपणानं, ते इंदूला मी नंतर कितीदा तरी विचारलं. ती म्हणते साधेपणानं. चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

खरंच सांगितलं होतंस. भावाशी त्या जागेबद्दल बोलायला बहिणीला तोंड नसतं आणि आपल्यात त्यासाठी एकच भाषा होती, चोळीची. ती तू वापरलीस. झोळ पडतो म्हणजे आकार बदलला. काखेत काचतं म्हणजे तिथं काही आलं. खालीवर दिसतं म्हणजे आत काहीतरी ओढतंय. पुढं तुला पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इंदूला समोर बसवून हेच सगळं सांगितलं, फक्त शहाण्या शब्दांत. बहुतेक बायांना गाठ आपल्याच हाताला लागते, अंघोळ करताना. दुखत नाही म्हणून त्या गप्प बसतात. कातडी ओढली गेली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत गेलं, त्यातून रक्त-पाणी आलं, एक बाजू दुसरीसारखी राहिली नाही, काखेत गाठ आली, यातलं एक जरी झालं तरी दुसऱ्या दिवशी यायचं. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते आम्हाला ठरवू द्या. इंदूनं विचारलं, याच्याही आधी कळायचं काही यंत्र नाही का? त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तरी नाही. बाईचे डोळे आणि बाईचा हात, एवढंच यंत्र." मग माझ्याकडं वळून विचारलं, "इतका उशीर का केलात?"

दुखलं असतं तर ती वैद्याकडं गेली असती. दुखलं नाही, म्हणून शिंप्याकडं आली. हे मी त्यांना म्हणालो नाही. मी म्हणालो, "गावाकडची माणसं आम्ही." बघ, तिथंसुद्धा मी खापर गावावर फोडलं. चिंचवड ते पुणे अंतर ते काय, आणि मी असा बोललो जणू लंकेतून आलोय.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी खाटेशी उभा होतो, तुझी मोसंबी विनाकारण पुन्हापुन्हा मोजत. तूच बोललीस.

"नाम्या, आता झोळाची कटकट मिटली बघ. बाजूच ठेवली न्हाई डाक्टरनं."

मी तोंड फिरवलं. तू म्हणालीस, "हास की मेल्या. मांडवात तर लई हसवत हुतास." आणि मी हसलो, आक्का, खाटेचा दांडा धरून, नाकातून पाणी येईपर्यंत हसलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नर्सला हाक मारली. एवढी मोठी माफी कुणी कुणाला दिली असेल? पण ती मला घेता आली नाही. मी हसण्यावारी नेली.

गाठ परत येऊ नये म्हणून विजेचे शेक झाले, तू काळवंडलीस, हात सुजला, तरी पावसाळाभर तू बरी होतीस. आणि मग या भाऊबीजेला आपलं भांडण झालं. त्याचंच मला जास्त लागून राहिलंय.

तू म्हणालीस, "जुन्या मापाची शिव. गादी घालून. चांगली भरदार."

मी म्हणालो, "नाही. आता लपवायचं नाही काही."

"आता काय लपवायचं राह्यलंय? गावाला म्हायती हाय. मला जरा बरं वाटावं म्हणून म्हणती मी."

"गादी घालणार नाही म्हणजे नाही."

"मला विचारून सांगतोयस का तुझ्या मनाला विचारून?"

इंदूनं टेप घेऊन तुझं माप घेतलं. तुझ्या अंगाचं पहिलं खरं माप. मी सपाट चोळी शिवली. एका बाजूला कापड उभं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मला वाटत होतं, मी प्रायश्चित्त करतोय. तू ती ओवाळताना घातलीस, पदर गच्च आवळून घेतलास आणि मी गेल्यावर पेटीत ठेवलीस. सुनेनं सांगितलं, पुन्हा बाहेर काढली नाही. पहिल्यांदा तू खूण सांगितलीस ती मी झाकली. शेवटी तू झाकायला सांगितलंस ते मी उघडं टाकलं. दोन्ही वेळा बरोबर मीच होतो. ऐकलं मात्र एकदाही नाही.

मार्गशीर्षात दुखणं उलटलं आणि तू गेलीस. नवऱ्याच्या आधी, अहेव गेली, भाग्याची म्हणून बायका तुझ्या पाया पडत होत्या. माहेरची हिरवी चोळी लागते म्हणून मला निरोप आला. दुकानात जाऊन उभा राहिलो. मापाची चोळी घेतली नाही, इंदूनं लिहिलेलं मापही घेतलं नाही. डोळ्यांसमोर सुमनच्या लग्नातली तू होतीस, तशी बेतली. भरदार, दोन्हीकडं, तू मागितलीस तशी. आत बायकांनी घातली. बरोबर बसली म्हणाल्या. त्यांचं काय, त्या बरोबरच म्हणणार. बसली की नाही ते सांगणारी तू एकटीच होतीस.

आता आजचं सांगतो, मग पुरे. तुला माझं लांबण माहीत आहे.

आज सकाळी दुकान उघडलं. काळेवाडीची एक बाई आली, पस्तिशीची, नवरा कारखान्यात पहारेकरी. मापाला चोळी दिली आणि जाता जाता म्हणाली, "मास्तर, ह्या बाजूला थोडी ढिली ठिवा." मी हातातला खडू खाली ठेवला. तिच्या तोंडाकडं न बघता मी विचारलं, "दोन्ही बाजू सारख्या नाहीत का?" तिचा चेहरा लाल झाला. "चोळी शिवायला दिलीया मास्तर, चौकशी करायला न्हाई," म्हणाली आणि चोळी ओढून घेतली. बाकावरचं गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघायला लागलं की दोन पिढ्यांची अब्रू दोन मिनिटांत गेलीच म्हण. मी आत हाक मारली. इंदू पदराला हात पुसत आली, तिनं काय झालं ते एका नजरेत ओळखलं आणि त्या बाईचा हात धरून म्हणाली, "तुमी आत चला. ह्यांचं सोडा, ह्यांना बोलायची अक्कल न्हाई."

थोड्या वेळानं इंदू दारात आली.

"अहो, पुण्याची गाडी कितीची हाय?"

मी गिऱ्हाइकाला उठवलं आणि दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. ती बाई रडत नव्हती. पायात वहाणा घालता घालता तिनं मला विचारलं, अगदी रोजच्या आवाजात, "मास्तर, मग माजी चोळी कवा मिळंल?"

"आधी दवाखाना," मी म्हणालो. "चोळी कुठं पळून जात नाही."

हे एवढंसं वाक्य, आक्का. ते तुला म्हणायला मला सव्वा वर्ष मिळालं होतं.

तुझा,
नामा